शिजवायचे सफरचंद

या पावसाळ्यात आजारातून उठल्यावर आईच्या तोंडाची चवच गेली. भाताचे दोन घास, आमटी नको, फळ चिरून ठेवले तर काळे पडून तसेच. एके दिवशी मात्र आपण होऊन म्हणाली, "धाकटीकडे खाल्लं होतं, ते सफरचंदाचं कर गं." धाकटी बहीण इंग्लंडात नॉटिंगहॅमला असते. आई तिच्याकडे सहा महिने राहून आली होती.

कॉलेजातून येताना लालभडक सफरचंदे आणली. फोडी, साखर, दालचिनी, वर मैदा-लोण्याचा चुरा घालून भाजले. निघाले ते नुसते गुळमट. एक चमचा खाऊन आईने वाटी सरकवली.

रात्री फोनवर बहीण हसली. "ताई, तू खायची सफरचंदं शिजवलीस. इथं शिजवायची वेगळी असतात."

त्या जातीचे नाव ब्रॅम्ली. नॉटिंगहॅमजवळच्या साउथवेल गावी १८०९ साली मेरी अ‍ॅन ब्रेल्सफर्ड या मुलीने तिचे बी लावले. पुढे ते घर ब्रॅम्ली नावाच्या खाटकाने घेतले. १८५६ साली एका रोपवाटिकेवाल्याने कलमे मागितली, तेव्हा 'माझे नाव देणार असाल तर न्या' अशी याने अट घातली. बी लावणारी राहिली बाजूलाच! हे फळ मोठे, हिरवे, कच्चे खाल्ले तर दात आंबवणारे. आम्ल भरपूर, साखर कमी. शिजले की गर फुलून विरघळतो आणि साखर घालूनही आंबटपणा टिकतो. आपल्या बाजारातल्या लाल डेलिशसमध्ये आम्लच कमी, मग शिजवून उरणार काय?

मेथांब्याला हापूस कोणी घेत नाही, कैरीच लागते. एवढे कळणाऱ्या मला सफरचंदाचे सुचले नाही. आपल्याकडे ते आजाऱ्याच्या उशाशी ठेवायचे फळ. चुलीवर कधी चढलेच नाही.

ब्रॅम्ली बेळगावात कुठून मिळणार? हिरवे ग्रॅनी स्मिथ मिळाले. भाव ऐकून क्षणभर थांबले, पण घेतले. ते आंबट खरे, पण शिजल्यावर फोडी विरघळत नाहीत. म्हणून निम्मे किसून घातले, वर लिंबू पिळले.

आईने चाखले. "हे ते नव्हे," म्हणाली. मग थोड्या वेळाने, "पण आंबट आहे. वाढ आणखी."

टोपलीत दोन सफरचंदे उरली होती. ती बघून म्हणाली, "उद्या कैरीसारखी चिर. गूळ घाल, आणि मेथीची फोडणी मी सांगते तशी दे. तुझी नेहमी करपते."