पत्र्याच्या शेगडीला मातीचा आधार

उज्ज्वला योजना २०१६ साली आली आणि आमच्या वस्तीत बहुतेक घरी गॅस पोहोचला. तरी शेगडी काही घराबाहेर गेली नाही. टाकीचे पैसे एकदम काढणे रोजमजुरीच्या घराला जड जाते. शिवाय भरताचे वांगे, मक्याचे कणीस, रविवारची कोंबडी यांना निखाऱ्याचीच चव लागते. म्हणून शेगडीविषयी हे चार शब्द.

मंगरूळपीरच्या बाजारातून आम्ही आणलेली स्वस्त शेगडी म्हणजे पातळ पत्र्याचा डबा, मधे जाळी आणि खाली उघडे तोंड. अर्धी धग पत्र्यातून बाजूलाच निघून जाते. तोंड सदा उघडे असल्याने वारा लागून कोळसा भराभर जळतो. कोंबडी भाजावी तर वरून करपते, आत कच्ची राहते.

आमच्या आईने शेगडी पाहिली आणि म्हणाली, "मातीची भीत ऊब धरते बाप्पा, पत्रा काय धरंन?" तोच धागा आम्ही धरला. चिकणमातीत गव्हाचा बारीक भुसा मळून आतून दोन बोटे जाड थर दिला. आठ-दहा दिवस सावलीत वाळवला. भेगा पडल्या त्या त्याच मातीने बुजवल्या आणि पहिला विस्तव अगदी लहान केला. खालच्या तोंडाला सरकता पत्रा बसवला. तो ओढला की धग मंदावते, उघडला की वाढते. आता तेवढ्याच स्वयंपाकाला पूर्वी दोनदा घालावा लागणारा कोळसा एकदाच लागतो.

केनियात १९८० च्या दशकात पत्र्याच्या शेगडीला भाजक्या मातीचे अस्तर देऊन 'जिको' तयार झाली आणि घरोघरी गेली. म्हणजे आईचे म्हणणे आफ्रिकेतल्या कारागिरांनीही ओळखले होते.

भाजण्यासाठी आम्ही जुने लोखंडी घमेले पालथे घालून झाकण केले. वर धुरासाठी भोक ठेवले. भोक नसेल तर निखारे विझतात. निखारे एका बाजूला सारायचे, कोंबडी दुसऱ्या बाजूला ठेवायची. मंद आचेवर ती आतपर्यंत शिजते. निखाऱ्यावर बाभळीची एखादी ढलपी टाकली की धुराचा वासही लागतो. मात्र जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा निखाऱ्याजवळ वापरू नये. तो फार तापला की त्याची वाफ छातीला बाधते.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट शेवटी सांगतो. कोळशाचा धूर दिसत नाही, म्हणून भीती वाटत नाही. पण निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. थंडीत दारे लावून खाटेखाली शेगडी ठेवून झोपलेली माणसे सकाळी उठत नाहीत, ती यामुळेच. माती लावली, तोंडाला पत्रा बसवला, तरी हा धोका जात नाही. शेगडी अंगणातच पेटवावी आणि पूर्ण विझल्याशिवाय आत आणू नये.

महिला मंडळाच्या बैठकीत हे सांगितले तेव्हा एका ताईंनी विचारले, "भाऊ, आमची एकच खोली. पावसात काय करू?" प्रश्न रास्त होता. आम्ही म्हटले, ताई, उघाडीच्या दिवसांत शेगडी वापरा आणि टाकीतला गॅस पावसासाठी राखून ठेवा. कोळशात वाचलेले पैसे त्या टाकीलाच लावा.