दावणीची गाडी

आमच्या वडिलांच्या वेळी बैल चोरीला जात. बैल चोरणारा माणूस धाडसी असावा लागे, कारण जनावर परक्याला सहजासहजी हात लावू देत नाही. फुरफुरतं, शिंग उगारतं, दावं ओढून सगळा गोठा जागा करतं. शिवाय त्याचा रंग, शिंगांची ठेवण, चालण्याची ढब चार गावांना ठाऊक असे. बाजारात उभा केला की कोणीतरी म्हणणारच, "अरे, हा तर अमक्याचा!" पिकअपचं तसं नाही. एक पांढरी पिकअप दुसऱ्या पांढऱ्या पिकअपसारखीच दिसते आणि किल्ली फिरवणारा हात कोणाचा, याच्याशी तिला काही कर्तव्य नसतं.

बेळगावच्या पश्चिमेला आमचं गाव. तिथे आता बैलजोड्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या आहेत, पण पिकअप मात्र गल्लीगणिक दोन-तीन सापडतील. कोबी, फ्लॉवर, मिरची, कोथिंबीर संध्याकाळी भरायची, रात्री चोर्ला घाट उतरायचा आणि उजाडायच्या आत म्हापसा नाहीतर पणजी गाठायची. गोव्याच्या ताटातली बरीचशी भाजी बेळगावाहून जाते, हे गोव्याच्या वाचकांना मी सांगायला नको. ही गाडी म्हणजे शेतकऱ्याची चैन नव्हे. तिच्यावर कर्ज असतं आणि तिच्या कमाईवर मुलांची फी, बी-बियाणं, म्हाताऱ्यांचं औषध चालतं. माझ्या धाकट्या भावाची अशीच एक गाडी आहे. घरातल्या कुठल्याही वस्तूपेक्षा ती महाग, आणि रात्रभर उघड्यावर उभी!

२०२१ च्या पावसाळ्यात आमच्या मागच्या गल्लीतल्या एका शेतकऱ्याची पिकअप दारातून गेली. त्या रात्री पाऊस असा कोसळत होता की शेजाऱ्यालाही आवाज आला नाही. दोन-तीन दिवसांनी तो प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद घेऊन माझ्याकडे आला. "सर, ह्यात काय लिवलंय तेवढं वाचून सांगा की."

फिर्यादीची प्रत कन्नडमध्ये, विम्याचा कागद इंग्रजीत, कर्जाचा करार इंग्रजीत, आणि या माणसाचं शिक्षण मराठी सातवी. बाजारात तो कन्नड फर्डं बोलतो. पण बोलणं वेगळं आणि कलमं वाचणं वेगळं. आमच्या सीमाभागात भाषेवर भाषणं पुष्कळ होतात. भाषेची खरी गरज मात्र अशा पिशवीतून घरी येते. आम्ही दोघांनी ती प्रत अक्षर अक्षर लावून पाहिली. नाव, गाडीचा क्रमांक, चॅसिस आणि इंजिनाचे क्रमांक सगळं बरोबर होतं. अडचण निघाली ती विम्याच्या कागदात. पहिली दोन वर्षं पूर्ण विमा होता. तिसऱ्या वर्षी "स्वस्तात करून देतो" म्हणणाऱ्या एका एजंटाने फक्त थर्ड पार्टी उतरवला होता. कायद्याने सक्तीचा आहे तो तेवढाच. पण तो आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरून देण्यासाठी असतो. आपलीच गाडी चोरीला गेली तर त्यातून एक पैसाही मिळत नाही. हे मराठीत सांगितल्यावर तो बराच वेळ त्या कागदाकडेच बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे हप्ता भरायचाच, आणि गाडी न्हाई."

गाडी सापडली नाही. आमच्याकडून अर्ध्या-पाऊण तासात महाराष्ट्र लागतो, दीड-दोन तासांत गोवा. चोराला हे तीन राज्यांचं अंगण आहे. फिर्याद देणाऱ्याला मात्र ती तीन पोलीस खाती आहेत. यात एक गोष्ट सुधारली आहे. १ जुलै २०२४ पासून नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि गुन्हा कुठेही घडलेला असो, कोणत्याही ठाण्यात फिर्याद नोंदवता येते, हे कायद्यातच लिहिलं गेलं. समजा, म्हापशाच्या बाजारातून गाडी गेली आणि भेदरलेला मालक बेळगावात येऊन पोहोचला, तरी त्याला "तिकडे जा" म्हणून परत धाडता येत नाही. प्रतही फुकट मिळते.

त्या चोरीनंतर गल्लीत जो तो पहारेकरी झाला. आमच्या वहिनीने लिंबू-मिरची बदलली. भावाने काही दिवस केबिनमध्येच झोपून पाहिलं; पण रात्री घाट चालवणाऱ्या माणसाने उरलेली झोपही पहाऱ्यात घालवली तर चोराऐवजी दरीच गाडी नेईल, असं मी त्याला सांगितलं. मग आम्ही एका ओळखीच्या मिस्त्रीकडे गेलो. त्याचं म्हणणं मला फार पटलं. तो म्हणाला, कुठलंही कुलूप चोराला कायमचं अडवत नाही, ते त्याचा वेळ खातं. आणि चोराकडे सगळं असतं, वेळ तेवढा नसतो. जुन्या डिझेल इंजिनाला तर एकदा सुरू झाल्यावर विजेची फारशी गरजच नसते. म्हणून त्याने इंजिनाचं डिझेल तोडणारा एक छोटा स्विच अशा जागी बसवला की तो कुठे आहे हे भाऊ आणि मिस्त्री यांनाच ठाऊक. कोटाला चोरखिसा असतो तसा हा चोरस्विच. गियरला कुलूप आलं. बॅटरीला लोखंडी पिंजरा आला, स्टेपनीला साखळी आली. गाडी आता नाक भिंतीकडे करून, गियरमध्ये उभी राहते, म्हणजे काढताना मागे घ्यावी लागते, आवाज होतो.

जीपीएसचं यंत्र बसवावं यावर भाऊ अडून बसला होता. बसवलं. माझं मत असं की ते चांगलं, पण त्याच्यावर विसंबून बाकीचं सोडू नये. ते मोबाइलच्या सिमवर चालतं. घाटात जिथे आपला फोन मुका होतो तिथे तेही मुकं होतं. स्वस्तातलं घेतलं तर गाडीची बॅटरी काढताच ते बंद पडतं. आत स्वतःची छोटी बॅटरी असलेलं घ्यावं आणि डॅशबोर्डवर मिरवू नये.

क्रमांकाच्या पाट्यांचंही तसंच. पूर्वी पाटी दोन स्क्रूंवर असे. केए-२२ काढून एमएच-०९ लावायला पानाही लागत नसे. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना उच्च सुरक्षा पाटी सक्तीची झाली. ती एकदा बसवली की मोडल्याशिवाय निघत नाही. भावाने आणखी एक केलं. सतरा अक्षरी चॅसिस क्रमांक सगळ्या काचांवर कोरून घेतला. चोराला पाटी बदलता येईल, पण प्रत्येक काच बदलायची म्हणजे खर्चाचं काम. बैलाच्या शिंगांची खूण अशी काचेवर आली म्हणायची.

दुसरी किल्ली माझ्या कपाटात असते. हे भावाला आधी नाटकी वाटलं होतं. पण चोरीचा दावा केला की विमा कंपनी दोन्ही किल्ल्या मागते, आणि एक नसली की प्रश्नांची सरबत्ती सुरू होते. गाडीची वाजवी काळजी घेण्याची अटही विम्यात असते. चहाच्या टपरीवर इंजिन चालू ठेवून उतरणाऱ्यांनी ती एकदा वाचावी. पोलिसांत ताबडतोब फिर्याद दिली असेल तर निव्वळ कंपनीला कळवायला उशीर झाला म्हणून दावा फेटाळता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा निकाल आहे. तरी त्याच दिवशी कळवलेलं बरं. आणि पूर्ण विमा म्हणजे पूर्ण किंमत नव्हे. तीन वर्षं उलटून चौथं लागलेल्या गाडीच्या किमतीतून विम्याच्या हिशेबात ४० टक्के घट धरतात. कर्ज असलं तर आधी सावकाराचे पैसे वळते होतात, उरलं तर आपले.

मागच्या गल्लीतल्या त्या माणसाने दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हरकी करत नसलेल्या गाडीचे हप्ते फेडले. गेल्या दिवाळीत त्याने एक जुनी पिकअप घेतली. पैसे भरण्याआधी विम्याचा कागद घेऊन आला. मी वाचायला सुरुवात केली तशी म्हणाला, "सगळं नको सर. चोरी कुठं लिवलीया, तेवढं बोट ठेवून दावा." मी दाखवलं. त्याने खिशातून पेन्सिल काढली आणि त्या इंग्रजी ओळीशेजारी मराठीत लिहिलं, 'चोरी'. मग नीट घडी घालून कागद पिशवीत ठेवला आणि पैसे भरायला गेला.