वासाची राखण

आजीच्या ओट्यावर गॅसचा कॉक फिरवला की काडी लागायच्या आधी क्षणभर नासक्या अंड्याचा उग्र भपकारा यायचा, आणि निळी आच धरली की तो कुठच्या कुठे विरून जायचा. मग घरभर फिरायचा तो बाजरीच्या भाकरीचा, पापुद्रा सुटतानाचा खमंग वास. गोबर गॅसच्या स्वयंपाकाला शेणाचा वास येत असेल, असं शहरातल्या मैत्रिणींना वाटायचं.

नारायणगावच्या अलीकडे, मीना नदीच्या अंगाला आमचं घर, घरामागे गोठा आणि गोठ्यालगत विटांनी बांधलेला खोल खड्डा, त्यावर पालथी घातलेली लोखंडी टाकी. जशभाई पटेलांनी १९५१ च्या सुमारास घडवलेला, खादी ग्रामोद्योग आयोगाने पुढे गावोगाव नेलेला हा तरंगत्या टाकीचा नमुना १९८१-८२ च्या सरकारी योजनेनंतर आमच्या जुन्नर-आंबेगावकडच्या दावणीवाल्या घरांत दिसू लागला, आणि आमच्या आजोबांनी, आबांनीही तो हौसेने करून घेतला. पहाटे गोठ्यातलं शेण पाटीने आणून हौदात टाकायचं, जितकं शेण तितकंच पाणी, आणि कोपरापर्यंत हात घालून काडी-कचरा वेचत ते कालवायचं. रात्रभरात टाकी वर आलेली असायची आणि दुपारचा स्वयंपाक उरकेपर्यंत पुन्हा खाली बसायची. ती किती वर आली हे बघून आजी आज पुरण शिजेल की नाही ते ठरवायची. शिवनेरीवरून गार वारं सुटायचं त्या दिवसांत खड्ड्यातले जीवजंतू मंदावायचे, गॅस आटायचा, आणि आबा बंबातलं कोमट पाणी हौदात ओतायचे, आजारी माणसाला पेज द्यावी तितक्या मायेने.

झोपायच्या आधी मात्र ते न चुकता फेरी मारत. ओट्यापाशी यायचे, डोळे मिटून हवा हुंगायचे, पाइपाचा कॉक हाताने चाचपायचे, मग मागच्या दाराने टाकीपर्यंत जाऊन यायचे. गॅस गळण्याची ही भीती त्यांनी मुंबईहून आणलेली होती. आमच्याकडचे कितीतरी गडी गिरण्यांत आणि डबेवाल्यांत गेले, तसे आबाही तरुणपणी लालबागच्या गिरणीत लागले, गावकऱ्यांच्या गाळ्यात राहिले; आणि तिथेच जवळ एक गॅस कंपनी होती. दगडी कोळसा बंद भट्टीत, हवा न लागू देता तापवायचा, त्यातून निघणारा वायू धुऊन, गाळून मोठ्या टाक्यांत साठवायचा आणि नळांनी शहरभर सोडायचा. १८६५ साली मुंबईच्या रस्त्यांवर याच वायूचे दिवे लागले, पुढे तो स्वयंपाकघरांतही शिरला. डांबराचा, गंधकाचा वास अंगातल्या सदऱ्याला चिकटायचा, असं आबा सांगत, आणि सांगताना उगाच नाक चोळत.

त्या वायूत जवळपास निम्मा हायड्रोजन, बराचसा मिथेन, आणि शंभरात पाच-दहा भाग कार्बन मोनॉक्साइड. हा शेवटचा खरा मारेकरी, रक्तातली प्राणवायूची जागाच बळकावणारा, आणि त्याला स्वतःचा वास मुळीच नाही. वास यायचा तो सोबतच्या गंधकाच्या मळाचा. त्या मळाने कितीजणांना झोपेतून उठवलं असेल, असं आबा म्हणत. विलायतेत तर या वायूने बंद खोल्यांत हजारो माणसं गेली.

आमच्या खड्ड्यातला वायू बहुतेक मिथेन आणि उरलेला कर्बवायू, पण जरासा हायड्रोजन सल्फाइड त्यातही असतोच. हवेच्या दहा लाख भागांत तो शंभराच्या पुढे गेला की नाकच बधिर होतं. वास गेला, आता उतरायला हरकत नाही, असं वाटून माणूस खड्ड्यात उतरतो, कोसळतो, आणि त्याला काढायला दुसरा उतरतो. पडक्या विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडून बघायची आपली जुनी रीत, पण इथे पेटता कंदीलच घात करायचा. म्हणून खड्डा उपसायचा झाला की आबा टाकी काढून कितीतरी दिवस तो उघडा ठेवत, आम्हां पोरांना अंगणाच्या त्या बाजूला फिरकू देत नसत, शेवटी पाटीत कोंबडी घालून दोराने खाली सोडत. ती फडफडत, ओरडत वर आली की त्यांच्या चेहऱ्यावर जे हसू फुटे, ते मला आज, इतक्या वर्षांनीही, अगदी डोळ्यांच्या कडांच्या सुरकुत्यांसकट दिसतं.

आबा गेले तेव्हा दावणीला एकच गाय उरली होती. टाकी अर्ध्यावरच तरंगत राहिली, मग गंजली, मग भंगारवाल्याने तराजूत घातली. सिलिंडर आला होता, त्याच्या वायूला कारखान्यात मुद्दाम वास लावलेला असतो हे आजीला ठाऊक होतं, तरी ती रात्री ओट्यापाशी उभी राहून डोळे मिटायची, हुबेहूब आबांसारखी, आणि मग काही न बोलता पदराने ओटा पुसून घ्यायची. पुढे तीही गेली.

आबांची घोंगडी माझ्याकडे आहे. आधी तिला गोठा, तंबाखू, बंबाचा धूर आणि तो खड्ड्याचा पुसटसा उग्रपणा, सगळ्यांचा मिळून एक वास होता; रोज नाकाशी धरल्यावर तो येईनासा झाला. म्हणून आता मी ती ट्रंकेत घालून ठेवते, महिनोन् महिने काढत नाही. मग एखाद्या पावसाळी दुपारी उघडते, तेव्हा पहिल्या श्वासाला धूर येतो, तंबाखू येते, गोठा येतो. खड्ड्याचा वास मात्र आताशा येत नाही. तो विरला, की माझंच नाक त्याला थकलं, हे आबांनाच विचारायला हवं होतं.