तिफण आणि कॉम्प्युटर

मंडळी, फोटो 'साफ' होतो म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटात नेमकं काय होतं? गणिताच्या मास्तराला हे कळल्याशिवाय चैन पडेना.

सगळा खटाटोप आमच्या वडिलांच्या, म्हणजे दादांच्या, एकुलत्या एका फोटोसाठी. स्कॅन केला तर चेहऱ्यावर रवा सांडल्यासारखे दाणे. एक जाणकार म्हणाले, मशीन जुनं झालंय, नवीन घ्या. नातवाने मात्र त्याच मशीनवर छोटा प्रोग्राम लिहिला आणि मला हिशोब समजावला.

प्रत्येक ठिपक्याच्या जागी त्याची आणि शेजाऱ्यांची सरासरी ठेवायची, एवढंच. चौकट 9 बाय 9 ची घेतली तर एका ठिपक्यासाठी 81 आकडे मिळवायचे. फोटो 3000 बाय 2000, म्हणजे 60 लाख ठिपके. झाले की 48 कोटी 60 लाख!

आता युक्ती बघा. आधी आडव्या 9 आकड्यांची बेरीज, मग त्या बेरजांपैकी उभ्या 9 ची. उत्तर तेच, पण 81 चे 18 झाले. त्याहून पुढे, चौकट एक घर सरकली की मागचा आकडा वजा करा, पुढचा मिळवा. दोन्ही फेऱ्या मिळून चारच क्रिया, चौकट कितीही मोठी असो.

शिवाय आपली तिफण एका फेरीत तीन ओळी पेरते, तशी सोय प्रोसेसरमध्येही असते. 2000 साली पेंटियम 4 बरोबर आलेली एसएसई2 एका आज्ञेत अशा 8 बेरजा करते. मात्र ठिपके मेमरीत ओळीने मांडलेले असतात, म्हणून उभ्या बेरजासुद्धा ओळीओळीने चालतच करायच्या. सारखं धुऱ्यावरून धुऱ्यावर उड्या मारल्या तर वेळ तिथेच जातो.

काम झटपट होऊ लागलं, म्हणून पुन्हा पुन्हा करून बघता आलं. चौकट 3 ची घेतली तर दाणे राहतात, 9 ची घेतली तर दादांच्या डोळ्यांतली चमक पुसली जाते. आम्ही 5 वर थांबलो.

हे घरगुती कामापुरतंच नाही बरं का. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या 30 अँटेनांचे संकेत जुळवायला आधी खास हार्डवेअर होतं. 2010 च्या सुमारास तिथल्या मंडळींनी तेच काम बाजारात मिळणाऱ्या कॉम्प्युटरांच्या समूहावर, सॉफ्टवेअरने करून दाखवलं.

वर्गात मी सांगायचो, पेन्सिल उचलण्याआधी उदाहरण दोनदा वाचा. मशीनलाही तेच लागू पडतं म्हणायचं! असो. तुमचे अनुभव जरूर कळवा.