सीझन संपला की आबा यायचे

खेळातून काहीतरी हाती लागलं पाहिजे, असं माझं ठाम मत होतं. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य, पुढे क्रीडा कोट्यातली नोकरी. तिथवर जायची शक्यता दिसत नसेल, तर पोरांनी त्या वेळात गणितं सोडवावीत. हे मी शाळेत बोलले आहे, केंद्राच्या शिक्षण परिषदेत बोलले आहे, आणि घरी सासऱ्यांसमोर, म्हणजे आबांसमोर, तर कितीदा तरी. आज ते माझं मत राहिलेलं नाही. ते बदललं आबांमुळे, आणि बदललं हे त्यांना नीट सांगायचं राहून गेलं, म्हणून लिहिते आहे.

ते मत आलं कुठून, हेही सांगायला हवं. माझं माहेर जालना तालुक्यातलं, मोसंबीच्या बागेचं. 2012 साली पावसानं दगा दिला आणि 2013 च्या उन्हाळ्यात आख्खा जिल्हा तहानला. घाणेवाडीचा तलाव आटला, शहरात लोक टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसायचे. जालन्याच्या मोसंबीला पुढे भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्या साली बागाच्या बागा उभ्या वाळल्या. माझ्या वडिलांनी, नानांनी, उसनवारी करून टँकर घेतले आणि अर्धी बाग कशीबशी जगवली. उरलेल्या अर्ध्या बागेचं सरपण झालं. कोणत्या झाडाला पाणी घालायचं आणि कोणतं सोडून द्यायचं, हे ज्या घरात ठरवावं लागतं, तिथल्या माणसाला प्रत्येक गोष्टीत ‘याचं पुढे काय?’ असं विचारायची सवय लागते. मला ती लागली होती.

आणि लग्न होऊन गेले कोल्हापुरात, मंगळवार पेठेत.

कोल्हापूरचा फुटबॉल ज्यानं पाहिला नाही, त्याला तो सांगणं अवघड आहे. कुस्तीसाठी उभ्या राहिलेल्या तालमी तिथं फुटबॉलचे संघ चालवतात. पाटाकडील, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा ही नावं तिथल्या पोराला बाराखडीच्या आधी येतात. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन 1940 सालची. दिवाळीच्या पुढेमागे सीझन सुरू होतो आणि उन्हाळा सरेपर्यंत छत्रपती शाहू स्टेडियमवर मॅची चालतात. विश्वचषक आला की गल्लीगल्लीत अर्जेंटिना आणि ब्राझीलचे झेंडे लागतात. आबांच्या तालमीचं नाव मी लिहीत नाही, कारण त्यांची माणसं सगळ्याच तालमींत होती.

आबा शिवाजी उद्यमनगरात एका फौंड्रीत मोल्डर होते. तरुणपणी बॅकीला खेळायचे. गुडघा गेल्यावर तालमीचं पडेल ते काम करत राहिले. बॉलमध्ये हवा भरायची, जर्सी मोजून घ्यायच्या, हरलेल्या पोरांना घरापर्यंत सोडायचं. सासूबाई लवकर गेल्या, तेव्हा माझे यजमान शाळेत होते आणि दीर अगदी लहान. आबांनी दुसरं लग्न केलं नाही. दोन्ही पोरांचे डबे, आजारपणं, सगळं त्यांनी एकट्यानं केलं. रविवारी मॅच असली, तरी पहाटे उठून तांबडा-पांढरा रांधून ठेवायचे आणि मगच बाहेर पडायचे. माझ्या बाळंतपणाला ते ऐन सीझनमध्ये, फेब्रुवारीत, जालन्याला आले होते. डिंकाचे लाडू त्यांनी स्वतः वळले होते. एक डबा माझा आणि एक माझ्या आईचा, कारण ‘जागरणं तिलाबी हाईत’.

यजमानांना जालन्याच्या पोलाद कारखान्यात नोकरी लागली आणि माझी जिल्हा परिषदेची शाळा मंठा तालुक्यात, त्यामुळे आमचा संसार जालन्यातच झाला. आबा पेठेत, धाकट्या मुलाकडे. पण सीझन संपला, मिरगाचा पाऊस पडला, की गुळाची ढेप आणि काकवीची बरणी घेऊन ते एसटीनं आमच्याकडे यायचे आणि दिवाळीपर्यंत राहायचे. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, एवढ्या धाग्यावर त्यांनी माझं नातं थेट हैदराबादशी जोडून टाकलं होतं. सय्यद अब्दुल रहीम यांना ते ‘तुमचे रहीमसाहेब’ म्हणायचे. रहीमसाहेबांच्या हाताखाली भारत 1956 साली मेलबर्न ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीत गेला आणि 1962 मध्ये जकार्त्याला दक्षिण कोरियाला 2–1 हरवून आशियाई सुवर्ण घेऊन आला. ही कथा आबा माझ्या लेकीला झोपताना सांगायचे. डोक्याला टाके पडलेले असताना जर्नेलसिंग पुढे खेळला, हे आलं की ती उठून बसायची. त्या विषयावरचा ‘मैदान’ चित्रपट 2024 मध्ये आला, तेव्हा आबा नव्हते. लेकीनं तो पाहिला, आणि पुढं काय होणार हे तिला सगळं आधीच ठाऊक होतं.

2013 च्या दुष्काळात आबांच्या तालमीनं उसाच्या वाढ्यांचा एक ट्रक भरून आमच्या गावाला पाठवला. फायनल जवळ आलेली असताना चार पोरं ट्रकबरोबर आली, नानांच्या गोठ्यापासून वस्तीवरच्या शेवटच्या दावणीपर्यंत चारा उतरवला आणि त्याच रात्री परत गेली. माझं मत तेव्हा बदललं असेल असं कुणालाही वाटेल. तसं झालं नाही. उलट मी आबांना म्हटलं, ‘एवढी चांगली पोरं आहेत तुमची. त्यांना अशाच कामाला लावा ना. तो बॉल कशाला हवा मध्ये?’ आबा गप्प बसले. मला तेव्हा वाटलं, त्यांच्याकडे उत्तर नाही.

15 सप्टेंबर 2017 ला महाराष्ट्रभर एकाच दिवशी दहा लाख मुलामुलींनी फुटबॉल खेळावा, असा राज्य सरकारचा उपक्रम झाला. सतरा वर्षांखालचा विश्वचषक पहिल्यांदाच भारतात होणार होता, त्यानिमित्तानं. शाळांना बॉल मिळाले. आम्ही मुलांना मैदानावर काढलं, फोटो काढले, वर पाठवले. दोन दिवसांनी मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन होतं, त्या गडबडीत बॉल कपाटात गेले. आबांनी घरी विचारलं, मी सांगितलं. ‘बॉल कपाटात ठेवायचा असतोय व्हय, पोरी?’ एवढंच म्हणाले, आणि सोमवारी माझ्याबरोबर मंठ्याच्या गाडीत बसले.

आमचं मैदान म्हणजे काळी माती. सप्टेंबरात ती पायाला चिकटते आणि उघडीप पडली की भेगाळते, बॉल कुठं उसळेल सांगता येत नाही. आबांनी पोरांना बॉल दिलाच नाही आधी. नव्या विहिरीच्या कडेला मुरूम पडला होता, तो पाट्यांनी वाहून आणायला लावला. खडे वेचले. मग सगळ्यांना गोल उभं केलं आणि एकच गोष्ट शिकवली: आलेला बॉल तळपायाखाली थांबवायचा, मान वर करायची, आणि ज्याच्याकडे अजून गेला नाही त्याला द्यायचा. ज्याच्याकडे अजून गेला नाही त्याला! पाचवीतली एक मुलगी वर्गात कधी तोंड उघडत नसे. तिच्याकडे बॉल आला की ती दचकून मागे सरायची. आबा तिच्या शेजारी जाऊन उभे राहिले, दुखऱ्या गुडघ्यानं खाली वाकले, तिची चप्पल काढून बाजूला ठेवली आणि तिचं पाऊल हातानं धरून बॉलवर ठेवलं. ‘दाबू नको. नुसतं ठेव. थांबतोय बघ.’ थांबला. तिनं मान वर केली आणि कुणाला द्यायचा ते शोधायला लागली. मी वह्या तपासत व्हरांड्यात बसले होते. त्या पोरीला असं समोर बघताना मी तोवर पाहिलं नव्हतं.

तरी मी हटले नाही. ऑक्टोबरात विश्वचषक सुरू झाला. भारताच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, रिक्षाचालकाचा मुलगा, पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेला. कोलंबियाविरुद्ध जॅक्सन सिंगनं हेडरवर बरोबरी साधली, विश्वचषकातला भारताचा पहिला गोल, आणि आबा टीव्हीसमोर हात जोडून उभे राहिले. लगेच दुसऱ्या मिनिटाला कोलंबियानं गोल केला आणि आपण 1–2 हरलो. मी म्हटलं, ‘बघा आबा, खेळ असा कुठंतरी पोचला पाहिजे.’ आबा म्हणाले, ‘एक अनिकेत व्हायला पेठापेठांत पाचशे पोरं खेळावी लागत्यात. त्या पाचशेंचं काय वाईट झालं ते सांग मला.’

मला सांगता आलं नाही. तो प्रश्न मग माझ्या डोक्यातून गेलाच नाही.

आमच्या शाळेच्या तांड्यावरची माणसं दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि लेकरं बरोबर. पट कमी होतो, आमचे जीव तुटतात. त्या वर्षी सहावीतला एक डावखुरा मुलगा असाच गेला. आबांनी जाण्यापूर्वी माझ्याकडून त्याच्या टोळीच्या मुकादमाचा नंबर घेतला होता. ऊसतोडीचा हंगाम आणि कोल्हापूरच्या फुटबॉलचा सीझन एकाच वेळी असतो, हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं. आबांच्या आलं. शिरोळ तालुक्यात एका फडाजवळ त्यांनी ती टोळी शोधून काढली. स्कूटरवरून तिथवर जाऊन पोराच्या आईबापांशी बोलले, आणि मग त्या हंगामात जमेल त्या रविवारी त्याला पेठेत आणायचे. सकाळी तालमीच्या लहान पोरांत खेळायचा, दुपारी धाकट्या दिरांच्या घरी जेवायचा, मॅच बघायचा आणि अंधाराच्या आत कोपीवर परत. एप्रिलमध्ये तो शाळेत आला, तेव्हा माझ्याशी कितीतरी वेळ बोलत होता. एक वाक्य मला आठवतं. ‘मॅडम, तिथं हरली तरी माणसं पुढच्या मॅचला येतात. म्हातारी बी येतात.’

तो मुलगा कुठल्या संघात निवडला गेला नाही. आठवीनंतर शाळाही सुटली. आता तो ट्रॅक्टर चालवतो. माझ्या जुन्या हिशेबानं त्याच्या हाती काही लागलं नाही. पण ज्या महिन्यांत तो फक्त कोयत्यामागून मोळ्या बांधणारं लेकरू असता, त्या महिन्यांत तो कुणाचा तरी डावा विंगर होता, त्याची वाट बघणारी पोरं होती. हे पुढच्या कशाची तयारी म्हणून मोजायचं कशाला? ते त्याचं त्या वेळचं जगणं होतं, आणि ते त्याला मिळालं.

2020 च्या जानेवारीत आबा गेले. सीझन चालू होता. कोल्हापुरात पंचगंगेच्या स्मशानात महापालिका अंत्यसंस्कार मोफत करते, आणि त्यासाठी होळीला लोक शेणी दान करतात. आबांची तालीमही दर वर्षी करायची. रक्षाविसर्जनाला घाटावर इतर तालमींचे खेळाडू आले होते, ज्यांच्याशी मैदानावर आबांची पोरं जिवाच्या आकांतानं भांडली असतील तेसुद्धा. त्याच आठवड्यात तालमीची मॅच होती. यजमान म्हणाले, जाऊन येऊ का? मी म्हटलं, मीपण येते.

दंडाला काळ्या फिती बांधून पोरं खेळली आणि हरली. मॅच झाल्यावर माणसं एकेक करून आमच्याजवळ येऊन बसली. नानांच्या बागेत आता किती झाडं आहेत, हे एकानं विचारलं. त्या पाचवीतल्या मुलीचं काय चाललंय, हे एका गोलकीपरनं विचारलं. माझ्या लेकीला घशाचा त्रास होतो, हे तिथं सगळ्यांना माहीत होतं. इतकी वर्षं मी समजत होते की आबा वर्षाची वाटणी करतात, अर्धं तालमीला आणि अर्धं आम्हाला. आमचं घर तर तिथं रोज संध्याकाळी नेलं जात होतं. चाऱ्याच्या ट्रकबरोबर आलेल्या चौघांपैकी एकाला मी मनातला तो जुना प्रश्न विचारला, मदतीचं काम बॉलशिवाय का नाही करत? तो म्हणाला, ‘बॉल नसता तर आम्ही रोज जमलोच कशाला असतो, वहिनी?’

प्रेक्षकांतल्या हाणामाऱ्या मला तेव्हाही पटत नव्हत्या, आजही पटत नाहीत. आबा असल्या वेळी मध्ये उभे राहून मार खायचे. मुलांनी शिकलं पाहिजे, यावरही मी तसूभर हललेले नाही. बदललं ते एवढंच, की खेळणाऱ्या मुलाला मी आता ‘पुढे काय?’ विचारत नाही.

शाळेच्या वार्षिक अहवालात स्पर्धेसाठी निवड झालेल्यांचा रकाना असतो. आमचा बहुतेक रिकामाच जातो. त्याच्याखाली मी वर्षभर मैदानावर आलेल्या सगळ्या मुलांची नावं लिहिते. गावातल्या आणि तांड्यावरच्या पोरांचे सामने आम्ही ऑगस्ट-सप्टेंबरात उरकतो, टोळ्या निघायच्या आत, म्हणजे कुणी सुटत नाही. चुन्याच्या रेषा तो ट्रॅक्टरवाला मुलगाच मारतो. यंदा दोघांची टोळी शिरोळकडे जायची आहे. मुकादमाचा नंबर मी धाकट्या दिरांना पाठवून ठेवला आहे.