उपकेंद्रातल्या नर्सबाई

मुलांनो, आमच्या शाळेत माजी विद्यार्थ्यांनी आरोग्य शिबिर भरवलं. डॉक्टरांभोवती ही गर्दी! सातवीतली एक मुलगी मात्र वजन-उंची मोजणाऱ्या नर्सबाईंपाशी घुटमळत होती.

"ताई, डॉक्टर व्हायला लई पैसे लागतात ना? मग आमचं काय?"

ताई म्हणाल्या, "अगं, माझे आई-वडील ऊसतोडीला जायचे. बारावीनंतर ए.एन.एम.चा दोन वर्षांचा कोर्स केला. आता उपकेंद्रात बाळांना लस टोचते."

मुलीचा चेहरा खुलला.

१८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी आपल्याला ठाऊक आहेत. पण दवाखाना चालायला नर्स हवी, रक्त तपासणारा हवा, औषधं देणारा फार्मासिस्टही हवा. सांगा बरं, तुम्ही यातलं कोण होणार?