पाकिटावर नाव कोणाचं?



चातुर्मास संपला की आमच्या बुरोंडीतही लग्नाच्या पत्रिका यायला लागतात. कधी चिपळूणहून, कधी मुंबईहून. पत्रिकेवर खाली बारीक अक्षरात ‘आहेर आणू नये’ असतं आणि तरीही प्रत्येकीच्या पर्समध्ये पाकीट असतंच. साडी आवडेल की नाही, भांडं आधीच चार जणांनी दिलं असेल, त्यापेक्षा रोख बरी, असं आपण सगळ्याच म्हणतो. पण नुसतं पाकीट हातात ठेवलं की थोडं कोरडं वाटतं, हेही खरं.

परवा सूनबाई मोबाईल घेऊन आली. “आई, हे बघा,” म्हणत तिने एकामागून एक गंमती दाखवल्या. नोटांचा हार, नोटांच्या घड्या घालून केलेला शर्ट, नोटांचा गुच्छ, आणि एक केक, ज्याच्यातून नोटांची पट्टी ओढत राहायची, ती संपतच नाही! मला हसू आलं, गंमतही वाटली. मग माझ्यातली बी.कॉम. जागी झाली.

रिझर्व्ह बँकेचं ‘क्लीन नोट’ धोरण १९९९ सालापासून आहे. नोटांवर लिहू नका, पिना मारू नका, नोटांचे हार करू नका, मांडव सजवू नका, कोणावर उधळू नका, असं बँक वारंवार सांगत आली आहे. पूर्वी बँकेतून आलेल्या पुडक्याच्या पिना काढताना नोटा फाटायच्या, आठवतं ना? २००१ साली बँकांना तशा पिना मारायला मनाई झाली. मग आपणच घरी नोटेला डिंक आणि चिकटपट्टी का लावायची? तेव्हा माझा पहिला नियम साधा आहे. सजावट पाकिटाची करावी, डब्याची करावी, नोटेची नाही. नोट गुंडाळायची तर सैल, आणि बांधायची तर सुती दोऱ्याने.

आता आमच्याकडे काय काय करतो ते सांगते.

कोकणात नारळाला तोटा नाही. नारळ मधोमध फोडून, खोबरं काढून, करवंट्या चांगल्या खरवडून उन्हात वाळवायच्या. बाहेरून खोबरेल तेलाचा हात फिरवला की छान तकाकी येते. आत गुंडाळलेली नोट आणि चार सुपाऱ्या ठेवायच्या, दोन्ही करवंट्या जुळवून वरून लाल नाडा बांधायचा. घेणाऱ्याला वाटतं श्रीफळच दिलं. घरी जाऊन सोडते तेव्हा हसते. लाडवात नाणं लपवून गुप्तदान करण्याची आपली जुनी चाल, तिचीच ही बहीण. साधर्मिकाला मदत करताना घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये, म्हणून जुनी माणसं पैसा मिठाईत झाकून द्यायची. लपवण्यामागे गंमत नव्हती, माया होती.

मे महिन्यात लेकीकडे आंब्याची पेटी जाते. पेटीतल्या पेंढ्याच्या तळाशी प्लास्टिकच्या पिशवीत पाकीट ठेवते. शेवटचा आंबा संपेपर्यंत ते सापडत नाही. पहिल्यांदा फोन करून सांगावं मात्र लागलं, नाहीतर पेंढ्याबरोबर टाकून दिलं असतं!

अठ्ठाई करणाऱ्या मुलीला एक मोठं पाकीट देण्याऐवजी मी आठ छोटी देते. प्रत्येकावर उपवासाचा आकडा, पहिला, दुसरा, तिसरा. पारणं झाल्यावर ती एकेक उघडते. रक्कम तेवढीच, पण प्रत्येक दिवसाचा मान वेगळा होतो.

म्हाताऱ्या माणसांना पाचशेची नोट देऊ नका. ती मोडायला त्यांना कोणाच्या तरी हातापाया पडावं लागतं. दहा-दहाच्या नोटा आणि नाणी सुती बटव्यात घालून द्या. देरासरच्या भंडारात टाकायला, रिक्षाला, नातवाला गोळ्यांसाठी. माझ्या मोठ्या नणंदबाई म्हणतात, यासारखी दुसरी भेट नाही. आणि बटवा सुतीच असावा. रेशीम आणि चामडं आपल्या घरात कशाला?

वरचा एक रुपया मात्र विसरायचा नाही. शंभरावर शून्य आलं की हिशेब संपला, एक आला की पुढचं खातं उघडलं, असा माझा त्याचा अर्थ. एक रुपयाची नोट तर वेगळीच आहे. बाकी नोटांवर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरची सही असते, हिच्यावर भारत सरकारच्या वित्त सचिवांची. १९९४ मध्ये तिची छपाई बंद झाली होती, २०१५ मध्ये ती पुन्हा आली. तेव्हा मी चार कोऱ्या नोटा जपून ठेवल्या, त्यातल्या दोन नातवंडांच्या बारशाला गेल्या.

पण सख्यांनो, हे सगळं लिहिताना मला खरं सांगायचंय ते वेगळंच आहे. पाकीट किती सुंदर होतं, यापेक्षा ते शेवटी कोणाच्या हातात पडलं?

माझं लग्न १९८३ सालचं. तेव्हा मांडवात एका बाजूला टेबल असायचं, वही असायची, दोन वडीलधारे बसायचे. नाव, गाव, चांदल्याची रक्कम. पाकीट फोडायचं, नोट पिशवीत, आकडा वहीत. ती वही घराच्या फार कामाची, कारण उद्या त्यांच्याकडे कार्य निघालं की तेवढंच, वर थोडं, परत करायचं. हिशेब चोख. पण त्या हिशेबात नवरीचं खातं कुठेच नव्हतं. मांडववाला, आचारी, बँडवाला यांना त्यातूनच पैसे जायचे. कोणाची वाईट बुद्धी नव्हती, सगळीकडे तशीच पद्धत होती. मी मात्र कॉलेजात जमा-नावे शिकून आलेली. मनात यायचं, नाव माझं घेऊन दिलेली रक्कम माझ्या नावे कुठे जमा झाली?

त्या दिवशी एकच भेट वहीत गेली नाही. माझ्या मावशीने मला पितळेचा सुपारीचा डबा दिला. टेबलावरच्या काकांनी उघडून बघितला, वर सुपाऱ्या दिसल्या, त्यांनी ‘डबा १’ असं लिहिलं. सासरी येऊन मी डबा रिकामा केला तेव्हा तळाशी पोस्टाचं पासबुक निघालं. माझ्या नावाचं, आत ५०१ रुपये जमा. महिनाभर आधी मावशीने माझी कुठल्याशा कागदावर सही घेतली होती, ती यासाठी. मावशी चौथी शिकलेली. बी.कॉम. मी होते, पण अर्थशास्त्र तिला जास्त कळत होतं.

खातं मी इकडच्या पोस्टात बदलून घेतलं. आमच्या ह्यांना दाखवलं तर ते म्हणाले, “ठेव तुझ्याकडे.” मग भाऊबीज, राखी, माहेरी गेल्यावर आईने मुठीत कोंबलेली नोट, माझ्या अठ्ठाईच्या बहुमानाची पाकिटं, सगळं थोडं थोडं त्यात पडत गेलं. दुकानाला मंदीची वर्षं आली. बंदरात मासळी कमी आली की गावात पैसा फिरत नाही, आणि उधारीची वही फुगते. तरी पासबुकाला हात लावला नाही. २००३ मध्ये लेकीला पुण्याला शिकायला जायचं होतं. घरात बोलणं सुरू झालं की रत्नागिरीतच काहीतरी बघू, वसतिगृहाचं डिपॉझिट आणि पहिली फी एकदम कुठून आणायची? मी पासबुक आणून पुढे ठेवलं. त्यात १८,४०० रुपये होते. सगळा खर्च त्यात भागला नाही, पण लेक पुण्याला गेली. पुढचं ह्यांनी आणि तिच्या मामाने बघितलं.

म्हणून मला त्या केकमधून निघणाऱ्या नोटांपेक्षा मावशीचा डबा मोठा वाटतो. तीही लपवलेलीच भेट होती.

काहीजणी म्हणतील, आपण अपरिग्रह मानणारी माणसं, बाईने आपला वेगळा पैसा कशाला धरायचा? मी यावर खूप विचार केला आहे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात दानाची व्याख्या येते. तिचा अर्थ असा, की उपकारासाठी ‘स्व’चा, म्हणजे जे आपलं आहे त्याचा त्याग म्हणजे दान. जे आपलं नाहीच, ते आपण सोडणार कसं? बहुमानाची पाकिटं जीवदयेला द्यायची असतील तर अवश्य द्यावीत, मीही देते. पण ती तपस्विनीने स्वतः उघडावीत आणि स्वतः द्यावीत. तिच्या वतीने दुसऱ्याने बोलून टाकलं, तर पुण्य कोणाच्या खात्यात लिहायचं?

कायदाही आपल्या बाजूने आहे. हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ चा, तो आपल्या जैनांनाही लागू होतो. त्याचं चौदावं कलम सांगतं की स्त्रीला लग्नाआधी, लग्नात किंवा लग्नानंतर भेट म्हणून मिळालेली मालमत्ता पूर्णपणे तिची. करापुरतं सांगायचं तर, स्वतःच्या लग्नात वधूवरांना मिळालेल्या भेटींवर आयकर नाही, जवळच्या नातेवाईकांकडून कधीही मिळालेल्यांवरही नाही. इतरांकडून एरवी मिळालेली रक्कम वर्षात ५०,००० च्या वर गेली तर मात्र ती उत्पन्नात धरतात. आणि एका माणसाकडून एका कार्यात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही.

दोन गोष्टी आणखी ध्यानात ठेवा. एक, नोट डब्यात वर्षानुवर्षं ठेवू नका. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्या, तेव्हा धान्याच्या डब्यांतून, साड्यांच्या घड्यांतून बायकांचे जपलेले पैसे बाहेर आले, आणि कित्येकींना ते पहिल्यांदाच घरात सगळ्यांसमोर मोजावे लागले. २०२३ च्या मे महिन्यात दोन हजारच्या नोटेचीही पाळी आली. पाकिटातला पैसा लवकर खात्यात जाऊ दे. दोन, आता पत्रिकेवरच क्यूआर कोड छापतात. पैसे पाठवण्याआधी विचारा, हा कोड कोणाच्या खात्याचा? मुलीला भेट द्यायची तर तिचा स्वतःचा नंबर मागून घ्या. मागायला लाजू नका.

नात झाली असेल तर २०१५ पासूनची सुकन्या समृद्धी योजना आहेच. दहा वर्षांच्या आतल्या मुलीचं खातं आई-वडील उघडतात, वर्षाला कमीत कमी २५० रुपये भरायचे. आमच्या नातीच्या वाढदिवसाला मी त्यात पैसे भरते आणि पावती करवंटीत घालून लाल नाड्याने बांधून देते. तिला अजून पावती कळत नाही, नाडा सोडायला फार आवडतो.

येत्या लग्नासाठी सूनबाईने आणि मी मिळून ठरवलंय. वर करवंटी तिच्या पद्धतीने रंगवलेली, आत कोरी नोट, वरचा एक रुपया, आणि नवरीच्या नावाची चिठ्ठी: ‘हे तुझं आहे. खर्च कर, ठेव, दान कर, तुझ्या मनाने.’

तुमच्याकडे काय पद्धत आहे, जरूर कळवा.

जय जिनेंद्र.